आधी महिना सांग, मग डोंगर

अगं, काल रात्री साडेअकराला तुझे एकापाठोपाठ सात मेसेज आले तेव्हा मी घाबरलेच. वाटलं, मावशीचं काही झालं की काय. उघडून बघते तर सात ट्रेकचे सात फोटो आणि खाली एकच ओळ, ‘ताई, यातला कुठला?’ तुझे भाऊजी शेजारून डोकावून म्हणाले, ‘साड्या दाखवून विचारतात तसं विचारतेय ही.’ अगदीच चुकीचं नव्हतं त्यांचं. सगळ्या फोटोंत निळंभोर आकाश आणि त्याखाली एक पिवळा तंबू. तो फोटो कुठल्या महिन्यातला, हे मात्र एकावरही लिहिलेलं नाही.

तू लिहिलंयस की प्रोजेक्ट जूनच्या शेवटी संपतोय, मग दहा दिवस रजा मिळेल. अलीकडचे, मधले आणि पलीकडचे शनिवार-रविवार धरले तर सोळा दिवस. आणि तीन फोटोंवर तू लाल बदाम टाकलायस. एव्हरेस्ट बेस कँप, अन्नपूर्णा बेस कँप आणि लडाखमधली मारखा व्हॅली. आता जरा मन घट्ट कर. यातले पहिले दोन जूनच्या शेवटी करायचे नसतात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, जळवा तोडून सांगतेय.

मी अन्नपूर्णा बेस कँपला गेले ती जुलैत. कारण तुझंच, रजा तेव्हाच मिळत होती. शिवाय डोक्यात आपला सह्याद्री. आपल्याकडे पाऊस पडला की माणूस राजमाचीला पळतो, हरिश्चंद्रगडाला पळतो. मेमध्ये तापलेला कातळ आणि जूनमध्ये हिरवागार डोंगर, हे आपलं पंचांग. तेच पंचांग घेऊन मी पोखऱ्याला उतरले. छोमरोंगच्या त्या न संपणाऱ्या पायऱ्या उतरून, पूल ओलांडून पुढे गेलं की बांबू नावाचं एक ठिकाण येतं. दोन-चार लॉज, बाकी जंगल. तिथे पोचले तेव्हा बूट पाण्यानं भरलेले. मोजा काढला तर पोटरीवर एक जळू, पिकल्या जांभळासारखी टम्म फुगलेली. मी किंचाळले. लॉजवाल्या दिदीनं शांतपणे मिठाची पुडी आणली, चिमूटभर मीठ टाकलं, जळू गळून पडली आणि रक्ताची धार काही केल्या थांबेना. दिदी हसत म्हणाली, ‘बर्खामा किन आउनुभएको?’ म्हणजे, पावसाळ्यात कशाला आलात बाई? उत्तर नव्हतं माझ्याकडे.

बेस कँपला दोन रात्री राहिले. ४,१३० मीटरवर. चारही बाजूंनी शिखरांची भिंत आहे म्हणतात. मला दिसलं ते पांढरं धुकं आणि जेवणघराच्या भिंतीवरचं एक जुनं कॅलेंडर. त्यावर माछापुछ्रेचा फोटो होता, माशाच्या शेपटीसारखं ते दुभंगलेलं टोक. मी त्या कॅलेंडरचाच फोटो काढून घरी पाठवला. आईला अजून वाटतं, मी प्रत्यक्ष बघितलं.

नेपाळमध्ये मान्सून साधारण जूनच्या मध्याला शिरतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला परततो. म्हणजे जवळजवळ आपल्याच तारखा. फरक असा की आपल्याकडचा पाऊस हजार-दीड हजार मीटर उंचीच्या डोंगरांवर पडतो. आपण भिजतो, भजी खातो, रात्री घरी. तिकडे तोच पाऊस कच्च्या मातीच्या, अजून वर सरकत असलेल्या प्रचंड डोंगरांवर पडतो. दरडी येतात, रस्ते वाहून जातात, विमानं उडत नाहीत. एव्हरेस्टचा ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आहे, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. ढग आले की तिथे वैमानिक उतरतच नाही, आणि त्यानं उतरूही नये.

मग जूनच्या शेवटी घरी बसायचं का? बिलकूल नाही. इथे तुझ्या शाळेतला भूगोल कामाला येतो. महाबळेश्वर, पाचगणी, वाई आठवतं ना? परीक्षेला हमखास यायचं. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो, पाचगणीला निम्म्याहून कमी आणि वाईला पोचेपर्यंत ढगांतलं पाणी संपलेलं. पर्जन्यछायेचा प्रदेश. हिमालयात हेच आहे, फक्त माप दहापट. पोखऱ्याजवळचं लुमले हे नेपाळमधलं सगळ्यांत पावसाचं गाव. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. आणि अन्नपूर्णेची रांग ओलांडून पलीकडे मुस्तांगला गेलं की मातीची घरं, सपाट छपरं, उघडे-बोडके डोंगर. आभाळ एकच आहे, मध्ये भिंत उभी आहे इतकंच.

म्हणून पावसाळ्यात रजा मिळाली की भिंतीच्या पलीकडे जायचं. लडाख, स्पिती, मुस्तांग. तुझ्या तीन बदामांतला मारखा व्हॅली हा नेमका त्याच बाजूचा, आणि जूनचा शेवट ते सप्टेंबर हाच त्याचा हंगाम. माझं मत विचारशील तर डोळे मिटून तो घे. तंबूही लागत नाही, बऱ्याच मुक्कामांना गावात घरगुती सोय आहे. जमिनीवर गाद्या, मध्ये चूल, आणि रात्री स्क्यू. स्क्यू म्हणजे कणकेचे अंगठ्यानं दाबलेले तुकडे भाज्यांच्या रश्श्यात शिजवतात, थेट आपल्या वरणफळांची चुलतबहीण. दिवसभर चालून आल्यावर ते वाटीभर पोटात गेलं की काय वाटतं, ते तू स्वतःच बघ.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेव. मारखाच्या वाटेवर नदी पायी ओलांडावी लागते, आणि तिथलं पाणी पावसाचं नसतं, वितळलेल्या बर्फाचं असतं. सकाळी घोट्यापर्यंत असलेली नदी दुपारी तीनला मांडीपर्यंत येते, कारण दिवसभराचं ऊन तोवर खाली उतरलेलं असतं. पहाटे निघायचं आणि नदी उरकून मग चहा प्यायचा. दुसरी गोष्ट लेहची. मुंबईहून निघालीस की दिल्लीमार्गे सकाळीच थेट ३,५०० मीटरवर. दार उघडलं की हवा छान, ऊन छान, आणि तुला वाटणार आपल्याला काही होत नाहीये. पहिले दोन दिवस काही करायचं नाही. अक्षरशः लोळायचं. पहिल्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या पळत चढून दाखवणारे हिरो मी दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन लावून पडलेले पाहिलेत.

हंपटा पासबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्यासारखीला तोही आवडेल. मनालीकडून चढायला लागतेस तेव्हा देवदार, झरे, कुरणं, सगळं ओलं हिरवं. ४,२७० मीटरची खिंड ओलांडून पलीकडे उतरलीस की लाहौल, एक झाड दिसत नाही, सगळा तांबूस-करडा दगड. ती भूगोलातली भिंत तू पायांनी ओलांडतेस. चार-पाच दिवसांचा ट्रेक आहे. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये मनालीपर्यंतचा रस्ताच कधी बंद पडेल याचा नेम नसतो, त्यामुळे परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नकोस. पावसाळ्यात हिमालयात जायचं तर दोन दिवस देवाच्या नावानं मोकळे ठेवायचे.

या सगळ्याला एक अपवाद आहे, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. तिथे पावसातच जायचं, कारण फुलं पावसाचीच आहेत. दरी १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. जूनमध्ये गेलीस तर निम्मा बर्फ, सप्टेंबर सरता गेलीस तर वाळलेली देठं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत खरी मजा. १९३१ मध्ये गिर्यारोहक फ्रँक स्माइथ कामेट शिखरावरून परतताना या दरीत उतरला, तोही पावसाळाच होता. आपलं कासचं पठार ज्यांना आवडतं त्यांनी एकदा तिथे जावंच. शेजारी हेमकुंडसाहिबला गेलीस तर ऑगस्टमध्ये ब्रह्मकमळंही दिसतील. आपण गच्चीवर कुंडीत लावतो आणि रात्री बाराला शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो, ते हे नव्हे. ते बिचारं निवडुंगाच्या कुळातलं. खरं ब्रह्मकमळ दिवसाढवळ्या खडकांत उभं असतं, फिकट पिवळसर कागदी पाकळ्यांत गुंडाळून घेतलेलं.

आता तुझा एव्हरेस्ट बेस कँप. मला माहितेय, मनातून तुला तोच हवाय. पुण्याच्या गिरिप्रेमीची माणसं २०१२ मध्ये एव्हरेस्टवर गेली तेव्हा तू शाळेत होतीस आणि वर्तमानपत्रातलं कात्रण वहीत चिकटवलं होतंस. मी विसरले नाहीये. तर तो ट्रेक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कर, नाहीतर मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. दोन्हींत फरक आहे. पावसानं धुतलेलं आभाळ ऑक्टोबरमध्ये काचेसारखं असतं, शंभर किलोमीटरवरचं शिखर हात लावावा इतकं जवळ दिसतं. वसंतात खालच्या जंगलांत वणवे लागतात, मैदानावरची धूळ वर येते आणि दूरचं सगळं दुधी दिसतं. पण मार्च-एप्रिलमध्ये गुरांस फुलतो. दोन-तीन मजली झाडं आणि त्यांना लालभडक गुच्छ. ते बघायचं असेल तर एव्हरेस्टपेक्षा घोरेपानी-पूनहिल बरा. ३,२१० मीटर, चार-पाच दिवस, पहिल्या ट्रेकला अगदी बेताचा.

ऑक्टोबरमध्ये गर्दी असते हे आधीच सांगून ठेवते. शिवाय दशैं आणि तिहार म्हणजे आपले दसरा-दिवाळीच. तेव्हा सगळा नेपाळ गावी निघालेला असतो आणि काठमांडूत बसचं तिकीट मिळवताना आपल्या गणपतीतल्या कोकण गाड्या आठवतात. मी गेले ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. थंडी जास्त, पण गर्दी ओसरलेली आणि आभाळ अजून तसंच. आणि हो, हंगाम चांगला म्हणून हवामान बघायचं सोडू नकोस. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं, आणि दोनच दिवसांत त्याचा उरलासुरला ओलावा अन्नपूर्णेच्या मागे थोरोंग ला खिंडीवर बर्फ होऊन कोसळला. चाळीसच्या वर माणसं गेली त्या भागात. ऐन हंगामात. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की हिमालयात मुक्काम वाढवायचा, हे मी तेव्हापासून धरून आहे.

एव्हरेस्टचा हिशेब तुझ्या सोळा दिवसांत बसतो का ते बघू. हंगामात लुक्ल्याची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून उडतात, म्हणजे आदल्या मध्यरात्री गाडीत बसून चार-पाच तास. वर जायला आठ दिवस, उतरायला तीन-चार. मुंबई-काठमांडू येणं-जाणं धरलं की सोळा संपले, आणि ढगांसाठी एकही दिवस उरला नाही. मग काय होतं? लीडर नामचेतला विश्रांतीचा दिवस कापतो. आणि मला भीती वाटते ती तिथेच.

म्हणून माझी एक सवय सांगते. कुठलाही ट्रेक ठरवताना सगळ्यांत उंच जागा किती, हे मी नंतर बघते. आधी कागदावर रोज रात्री झोपायची उंची लिहून काढते. एव्हरेस्टचं बघ. फाकडिंग २,६१०, नामचे ३,४४० आणि तिथे दोन रात्री, तेंगबोचे ३,८६०, डिंगबोचे ४,४१० आणि पुन्हा दोन रात्री, मग लोबुचे ४,९००च्या पुढे, मग गोरक्षेप ५,१६४. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची जागा एका रात्रीत साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वर सरकवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. ज्या कंपनीच्या कार्यक्रमात ही शिडी नीट नाही, ती कितीही स्वस्त असो, नको. दिवसा वर चढून ये, हरकत नाही. झोपायला खाली ये.

गोरक्षेपला आमच्याबरोबर एक जण होता, मॅरेथॉन पळणारा, आमच्यात सगळ्यांत फिट. दोन दिवस डोकं दुखत होतं, बोलला नाही, ट्रेक अर्धवट राहील म्हणून. संध्याकाळी बुटाची नाडी बांधायला बसला आणि पाच मिनिटं तीच नाडी हातात. बोटं जमेनात. आमच्या शेर्पा गाइडनं त्याला जमिनीवरच्या फळीच्या रेघेवरून टाचेला बोटं लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो भिंतीवर कलंडला. गाइड एक शब्द बोलला नाही, त्यानं दिवा घेतला, दोघांना हाक मारली आणि त्याच रात्री त्याला खाली नेलं. पाचशे-सहाशे मीटर उतरल्यावर माणूस बोलायला लागला. फिटनेसचा आणि उंचीच्या त्रासाचा संबंध नसतो गं. पर्वती रोज चढणारीलाही होतं आणि सोफ्यावर बसणारीला होतही नाही. डोकं दुखलं तर सांगायचं, वाढलं तर उतरायचं. त्यावरची डायमॉक्सची गोळी मैत्रिणीच्या पाकिटातून घेऊ नकोस, आपल्या डॉक्टरांना विचार. तुला सल्फाची ॲलर्जी आहे ना, लहानपणी अंगभर पुरळ आलं होतं, ते त्यांना आवर्जून सांग.

आणि जाता जाता तुझा एक भ्रम मोडते. बेस कँपवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. नुपत्से मध्ये येतो. ते बघायला पहाटे कुडकुडत काला पत्थरवर चढावं लागतं. बसल्या जागी एव्हरेस्ट बघायचा असेल तर सरळ दार्जिलिंगकडे संदकफूला जा, ३,६३६ मीटर. एका नजरेत एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि कांचनजंगा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा, पावसाळ्यात ते जंगल बंदच असतं. मावशीलाही नेता येईल, वरपर्यंत गाडी जाते. हाडं खिळखिळी करणारी, पण जाते.

हिवाळ्यात रजा मिळाली तर उत्तराखंडात सांकरीहून केदारकंठा. बर्फात चालायची हौस तिथे फिटते. नाताळचा आठवडा तेवढा टाळ, माथ्यावर तुळशीबाग असते. आणि तुझा तो पाचवा फोटो, चादर ट्रेक, गोठलेल्या झंस्कार नदीवरचा. जानेवारी-फेब्रुवारीतला. आत्ता नको. बर्फ दिवसागणिक बदलतो, थंडी उणे वीसच्या खाली. आधी एक-दोन साधे ट्रेक पायाखालून जाऊ देत.

हिमालयाबाहेरचे दोन फोटोही बघितले. फुजीचा अधिकृत हंगाम जुलै ते सप्टेंबरची सुरुवात एवढाच, आणि योशिदाच्या वाटेवर आता रोज चार हजारच माणसं सोडतात, पैसे भरून. मला नाही आवडला तो प्रकार, रांगेत उभं राहायचं तर सिद्धिविनायक जवळ आहे. इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा रिंजानी मात्र मनात ठेव. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे आषाढधारा कोसळत असतात तेव्हा तिथे कोरडा मोसम. किर्गिझस्तानातल्या काराकोलजवळचं अला-कुल सरोवरही जुलै-ऑगस्टमधलंच, समुद्रापासून इतकं आत की मान्सून तिथवर पोचतच नाही. जून-जुलैतल्या रजेला पुढच्या वर्षी हे दोन पर्याय आहेतच.

आता जे फोनवर मावशीसमोर बोलता येणार नाही ते. तारखा ठरवताना पाळीचा हिशेब कर, पण त्यासाठी ट्रेक रद्द करू नकोस. उंचीवर तारीख मागेपुढे होऊ शकते, म्हणून नसली तरी सामान बरोबर हवंच. पुढे ढकलायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, उंचीवर तर नकोतच. वापरलेलं सगळं जाड पिशवीत घालून खाली आणायचं, तिथे पुरायचं नाही, लॉजच्या चुलीत तर मुळीच टाकायचं नाही. ती चूल त्यांना देवासारखी असते. आणि रात्री तंबूबाहेर जायला लाजून पाणी कमी पिणं हा आपल्या बायकांचा मूर्खपणा आहे. मीही केलाय. उंचीवर तोच अंगाशी येतो. दिवा घे, मैत्रिणीला उठव, जा.

कंपनीला फोन करशील तेव्हा जेवणात काय असतं हे नंतर विचार. रात्रीच्या उंच्या विचार, कोणी आजारी पडलं तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरतं ते विचार. विमा काढताना तो किती मीटरपर्यंत चालतो हे वाच. बऱ्याच पॉलिस्या अशा उंचीवर संपतात की जिथे तुझा ट्रेक नुकता सुरू झालेला असतो. माझे एकदा एका कंपनीत पैसे बुडालेत, म्हणून कटकट करतेय.

तेव्हा असं कर. जूनअखेरची रजा मारखासाठी टाक, एव्हरेस्टसाठी पुढच्या नोव्हेंबरमध्ये वीस दिवस मागून ठेव. साहेब नाही म्हणाले तर लग्न ठरलंय म्हणून सांग, मावशीला तेवढाच आनंद. बूट या आठवड्यातच घे, अर्धा नंबर मोठे, आणि रोज ऑफिसला तेच घालून जा म्हणजे पायात मुरतील. माझे मागू नकोस. त्यातल्या डाव्या बुटाच्या जिभेवर अजून त्या जळवेच्या रक्ताचा डाग आहे, आणि मी तो मुद्दाम धुतलेला नाही.